रंगाऱ्यांची हजेरी: हेल्पर, रंगारी आणि कसबी माणूस यांत फरक किती ठेवावा?

कोरी भिंत

नमस्कार मंडळी. घरांची रंगकामं घेतो, हाताखाली सहा माणसं आहेत. आजवर दोनच दर ठेवलेत, रंगाऱ्याचा आणि हेल्परचा. चार रंगारी, चौघांची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, सारखी. कुरबुर नेमकी तिथेच सुरू झालीय.

पहिला रोलर हातात आला की थांबत नाही. मोठी खोली संध्याकाळच्या आत उरकतो, पण छताची रेघ वाकडी आणि स्विचबोर्डावर शिंतोडे. दुसरा इतका सावकाश की बघणाऱ्याला जांभई यावी. मात्र त्याने रंगवलेल्या दाराला पुन्हा हात लावावा लागत नाही. तिसरा सगळ्यात जुना, काम मधलं. त्याचं म्हणणं, वर्षं मोजा. चौथा आत्ताच हेल्परचा रंगारी झालाय, त्याला कोरी सपाट भिंत दिली तर ठीक. हेल्परांत एक बाई आहेत. घासकाम त्यांचं, आणि हल्ली पुट्टीचा दुसरा हातही, म्हणजे दुसरा थरही, त्याच ओढतात.

तो सावकाश माणूस परवा म्हणाला, ‘शेठ, रोलरवाल्याची आणि माझी हजेरी एकच राहणार असेल तर मी दुसरीकडे बघतो.’ त्याची वाढवली तर बाकीचे विचारणार, आमचं काय?

तर पायऱ्या किती ठेवाव्यात? दोन पायऱ्यांत अंतर किती? वर्षं बघायची, वेग की फिनिशिंग? नुसते आकडे सांगू नका, दर जागोजाग वेगळे असतात. प्रमाण सांगा. की सरळ चौरस फुटाच्या दराने द्यावं सगळ्यांना?

हिशेबी

फुटाने द्या आणि मोकळे व्हा. जो जास्त रंगवेल तो जास्त कमवेल. कोण कसबी, कोण कच्चा, हा वाद तुमच्या डोक्याला राहत नाही. हजेरीवर माणूस रेंगाळतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

जुना कुंचला

हिशेबींचा सल्ला बाहेरच्या सरसकट भिंतीपुरता ठीक. घराच्या आत फुटाचा दर लावलात की सगळ्यात आधी मार बसतो तो तयारीला. रंगकामात डोळ्यांना दिसतो तो शेवटचा हात. वेळ जातो खरवडण्यात, भेगा भरण्यात, पुट्टीत, घासण्यात. फुटावर काम करणारा माणूस पुट्टीचा दुसरा हात पातळ ओढणार, घासकाम वरवर करणार आणि प्रायमर पुरता सुकायच्या आत रंग चढवणार. त्यात त्याची लबाडी नाही, तुम्ही दरच तसा लावलाय. इमल्शनच्या, म्हणजे पाण्यात कालवायच्या रंगाच्या, दोन हातांत साधारण दोन ते चार तास जावे लागतात, दमट हवेत त्याहून जास्त. ऑइल पेंटला तर रात्र जाऊ द्यावी लागते. हा थांबायचा वेळ हजेरीत मालकाच्या खिशातून जातो आणि उक्त्यात, म्हणजे फुटाच्या कामात, कामगाराच्या. मग तो थांबेल कशाला?

म्हणून आत हजेरीच ठेवा, पण तिच्या पायऱ्या करा. मी चार ठेवतो. हेल्परला 100 धरलं तर अर्धा रंगारी 130, पुरा रंगारी 165 ते 170, कसबी 210 च्या आसपास. हे माझ्याकडचं प्रमाण आहे, शास्त्र नव्हे. जिथे सरकारने किमान वेतन ठरवलंय तिथे हेल्परचे 100 त्याच्या खाली जाऊ शकत नाहीत, आणि कायद्यातल्या कुशल-अकुशल वर्गांचे दरही आधी बघून घ्या. शंभर ठरवतानाच हात आखडता घेतला तर वरचं सगळं प्रमाण गंडतं.

आता खरा मुद्दा, कुणाला कुठल्या पायरीवर बसवायचं. मी एकच प्रश्न विचारतो: याला खोलीत एकटं सोडून मी निघून गेलो तर परत येईपर्यंत काय काय बिनचूक झालेलं असेल?

हेल्परला सांगावं लागतं. सामान झाकणं, फरशीवर कागद पसरणं, घासणं, डबे ढवळणं, ब्रश धुणं हे तो सांगितल्यावर नीट करतो. अर्ध्या रंगाऱ्याला एकट्याने प्रायमर मारता येतो, सपाट भिंतीवर रोलर फिरवता येतो, ओली कडा राखता येते. म्हणजे एक पट्टा सुकायच्या आत दुसरा त्याला भिडवतो, जोडाचे पट्टे दिसू देत नाही. तुमचा चौथा माणूस हा. पुरा रंगारी छताची रेघ टेप न लावता ब्रशने सरळ काढतो, पुट्टी पत्र्याने, म्हणजे पुट्टीच्या पातीने, अशी ओढतो की घासायला थोडंच उरावं, आणि पॅनेलच्या दारावर ऑइल पेंट मारताना ओघळ येऊ देत नाही. दार कुठल्या क्रमाने रंगवतो तेही बघा. आधी आतले पॅनेल, मग मधली उभी पट्टी, मग आडव्या, शेवटी कडेच्या उभ्या. उलटा क्रम धरला की ब्रशचे फटकारे जोडावर आडवे दिसतात.

कसबी माणूस मात्र भिंत वाचतो. पोपडे आले तर खरवडायच्या आधी विचारतो, का आले? हात फिरवून पांढरी भुकटी लागली तर खाली बहुधा जुना चुना आहे, त्यावर थेट इमल्शन मारलं तर तो थर घेऊनच सुटेल, हे त्याला कळतं. ओल असेल तर पाणी कुठून येतंय ते सापडेपर्यंत तो रंगाचा डबा उघडू देत नाही. नवं प्लास्टर चार आठवडे तरी सुकू द्या म्हणून घरमालकाशी वाद घालतो. जुन्या चकचकीत ऑइल पेंटवर न घासता काही चढवायला नकार देतो. शंका आली तर ब्लेडने चौकट्या पाडून टेप चिकटवतो आणि झटक्यात ओढतो. टेपला रंग आला तर खालचा थर सुटलेला आहे. शिवाय लाकडाचं पॉलिश, दोन भाग मिसळून वापरायचं पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश), स्प्रे मशीन, यांतलं एक तरी त्याच्या हातात बसलेलं असतं.

या माणसाला दुप्पट द्यायला जीव वर येतो, मान्य. पण हिशेब करा. समजा रोलरवाला दिवसात 400 फूट करतो आणि त्यातलं 100 फूट पुन्हा करावं लागतं. सावकाश माणूस 320 करतो आणि पुन्हा काही नाही. पहिल्याचं चांगलं काम भरलं 300. त्या शंभर फुटांचं घासकाम, रंग आणि दुसऱ्या दिवसाचा वेळ अजून बाकीच आहे. तुम्ही ज्याला हळू म्हणता तो तुमच्याकडचा वेगवान माणूस आहे.

वर्षं मी मोजत नाही. काही जण एकच वर्ष वीसदा करतात.

काचपेपर

मी हेल्पर म्हणून लागले, आता रंगारी आहे. कोरी भिंत, तुमच्या पोस्टमधल्या बाईंबद्दल लिहायचं होतं.

पुट्टीचा दुसरा हात ओढणारी व्यक्ती हेल्पर नसते. वर जुन्या कुंचल्यांनी जी पायरी सांगितली त्यात ती अर्ध्या रंगाऱ्याच्या तरी जागी बसते. बाईमाणूस म्हटलं की ‘घासकामाला आहे’ एवढंच बघितलं जातं. त्यांचा पुट्टीचा हात कसा आहे ते रात्री बघा. खोलीतले दिवे बंद करा आणि हातदिवा भिंतीला जवळजवळ टेकवून तिरका धरा. खाचा, पत्र्याच्या रेघा, फुगवटे, सगळं उघडं पडतं. हीच तपासणी चारही रंगाऱ्यांच्या भिंतींवर करा. कुणाची भिंत कुणाची ते आधी कळू देऊ नका. मग हजेरी ठरवा. समान मोलाच्या कामाला बाई-पुरुषांना समान मोबदला हा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार 1951 चा आहे, पण आमच्या लाइनीत अजून पत्रा कुणाच्या हातात आहे ते बघून दर बदलतो.

घासकामही बिनडोक नसतं. 80 नंबरचा कागद घेऊन पुट्टीवर सुटलात तर ओरखडे शेवटच्या हातातून वर दिसतात. पुट्टीला 180 किंवा 220. हे न सांगता कळणारा हेल्पर आणि न कळणारा हेल्पर यांतसुद्धा फरक ठेवा, थोडा का असेना.

आणखी एक. मास्क, चष्मा, हातमोजे मजुरीतून कापू नका. रंगाऱ्याचा धंदा कर्करोगाला कारण ठरतो असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1989 मध्येच म्हटलंय, तंबाखू ज्या पहिल्या गटात आहे त्याच गटात. धुळीचा साधा मास्क थिनरची वाफ अडवत नाही, त्याला वाफेचं काडतूस असलेला मास्क लागतो. जुन्या घराच्या रंगात शिसं असू शकतं, तिथे कोरडं घासणं बंदच, पाणी मारून घासायचं. त्यात वेळ जास्त जातो. तो वेळ अंदाजपत्रकात धरा, माणसाच्या अंगावर टाकू नका.

कोरी भिंत

दोघांचेही आभार. काचपेपर ताई, तो हातदिव्याचा प्रयोग नक्की करतो.

दोन अडचणी आहेत. एक, जुन्या माणसाला तोंडावर कसं सांगू की तुझी हजेरी सावकाश माणसापेक्षा कमी? वयाने मोठे आहेत, मी त्यांना काका म्हणतो. दोन, घरमालक एकच भाव बघतो. कसबी माणसाला दुप्पट दिली तर माझ्या हातात काय राहणार?

जुना कुंचला

दुसरी आधी घेतो, ती सोपी आहे. तुम्ही भाव आधी ठरवता आणि उरेल त्यातून हजेरी वाटता, असं दिसतंय. उलट करा. खोली बघा, तयारीचे दिवस मोजा, कुठल्या दिवशी कुठल्या पायरीचा माणूस लागेल ते लिहा, त्यावर मटेरियल, मग तुमचा नफा, मग भाव. हे लिहायला बसलात की आपोआप दिसतं, कसबी माणूस रोज लागतच नाही. पहिल्या दिवशी भिंती बघायला लागतो, मध्ये दारं-खिडक्यांना, शेवटी कटिंगला, म्हणजे कडांच्या रेघा काढायला, आणि टच-अपला. मधलं रोलरकाम अर्धा रंगारी करतो. तुमचा रोलरवालाही तिथेच ठेवा, कडा दुसऱ्याला द्या, त्याचे शिंतोडे निम्म्याने कमी होतील. कसबी माणसाकडून तुम्ही फरशीवर कागद पसरून घेत असाल तर तो महाग पडणारच.

काकांचं. त्यांची हजेरी कमी करू नका. आहे ती तशीच राहू द्या, बाकीच्यांची वर न्या. कमी केलेली हजेरी माणूस विसरत नाही. आणि वर्षांचा मान हजेरीत मिसळू नका, वेगळा द्या, वर्षाच्या शेवटी एकरकमी. त्यांना माणसं सांभाळता येतात का? सकाळी कोण कुठे लागणार, डबा किती उघडायचा, खाडा झाला तर काम कसं वळवायचं, हे येत असेल तर मुकादमीचा भत्ता द्या, पायरीच्या वर दहा-पंधरा टक्के. पण फक्त वयासाठी मुकादम करू नका, मग बाकीचे पाचही बिघडतात.

सगळ्यांना एकत्र बसवून पायऱ्या वाचून दाखवा. कुठल्या पायरीला काय यायला हवं ते कागदावर लिहून ठेवा, दर सहा महिन्यांनी ज्याला वर जायचंय त्याने एक दार आणि एक कोपरा करून दाखवायचा. तपासायला तुम्ही एकटे नको, कसबी माणूसही हवा. उचल आणि हजेरी एकाच वहीत असेल तर आजच दोन वह्या करा. उचलीचा हिशेब गुंतला की माणसाला वाढ मिळालेली कळतच नाही.

हिशेबी

थांबायच्या वेळेचा मुद्दा पटला, आतल्या कामाला हजेरी मान्य. पण तुमच्या पद्धतीत रेंगाळणाऱ्याचं काय? सावकाश आणि रेंगाळणारा, दोघंही लांबून सारखेच दिसतात.

जुना कुंचला

लांबून, हो. रंगाचा डबा बघा. गुळगुळीत भिंतीवर लिटरभर इमल्शन एका हाताला शंभर ते सव्वाशे फूट जातं. संध्याकाळी डब्यात किती उरलं त्यावरून किती भिंत झाली ते कळतं, आणि पाणी जास्त घातलंय का तेही. माणूस दारावर असेल तर डब्यावरून कळत नाही, तिथे दिवसाला दाराची किती पाखं हे त्याच्याशीच बोलून ठरवा आणि त्याला धरून ठेवा.

हिशेबी

बरं. बाहेरच्या भिंतीला मी फुटाचाच दर ठेवणार.

जुना कुंचला

ठेवा. परांची बांधायचा आणि सोडायचा वेळ मात्र फुटात धरू नका, त्याची वेगळी हजेरी द्या. आणि उंचीवरच्या माणसाला पट्टा बांधल्याशिवाय चढू देऊ नका, घाई फुटाच्याच कामात होते.

कोरी भिंत

सावकाश माणसाशी आज बोललो. 200 म्हटलं, त्याने मान हलवली आणि विचारलं, ‘पॉलिश शिकलो तर?’ पॉलिशच्या पायरीचं काय ठरवलंय कुणी? 210 च्या वर किती जाता?

काचपेपर

आमच्याकडे पॉलिशला वेगळी पायरी नाही. ज्या दिवशी पॉलिशचं काम असेल त्या दिवसाची हजेरी सव्वापट. बाकीचे दिवस नेहमीची. आणि त्या बाईंना 130 दिले का, ते लिहा.