घोरणाऱ्या लेकराचे टॉन्सिल्स काढावे का?

मानेवाड्याची आई: काल या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, “लेकरू घोरते म्हणून टॉन्सिल्स काढणं हा डॉक्टरांचा धंदा, हळद-दूध द्या.” डोकंच फिरलं. माझा लेक मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून झोपायचा. घोरता घोरता श्वास थांबायचा, मग दचकून उठायचा. अंथरूण ओलं. शाळेतून चिठ्ठ्या: चंचल आहे, मारतो. टॉन्सिल्स अन् अडेनॉइड (नाकामागची गाठ) काढले, घोरणं गेलं, चिडचिड बरीच उतरली. हळद-दूध आम्हीही पाजलं होतं, बरं का.

बर्डीवाला: मीच लिहिलं होतं. एका पोरावरून सगळ्यांना टेबलावर नका झोपवू. २०१३ चा अमेरिकेतला अभ्यास बघा, ५ ते ९ वर्षांची ४६४ लेकरं. सात महिन्यांनी लक्ष लागण्याच्या चाचणीत फारसा फरक नाही. अन् ऑपरेशन न केलेल्यांतही ४६ टक्क्यांची झोपेची तपासणी नॉर्मल आली.

मानेवाड्याची आई: अर्धंच सांगून राहिले तुम्ही! ऑपरेशनवाल्यांत ७९ टक्के. आईबापांनी सांगितलेली वागणूकही सुधारली. आम्हाला तेच पाहिजे होतं, पहिला नंबर नाही.

महालकर काका: कूलरचं कोणी बोलाल का बाप्पा? मागच्या उन्हाळ्याची खस तशीच ठेवून मार्चात कूलर सुरू करता, खोलीभर कुबट वास. नाक चोंदणारच.

बर्डीवाला: मग मे महिन्यात काय करायचं? गच्चीवर झोपायचं?

महालकर काका: आम्ही झोपलो! कोणाचे टॉन्सिल्स नाही काढले.

निवृत्त सिस्टर: काढत होते काका. तेव्हा घसा वारंवार सुजला की काढायचे, झोपेतल्या श्वासाचं कोणी विचारतच नव्हतं. सौम्य घोरणं असेल तर थांबा, अडेनॉइड वयानं आकसतात. ॲलर्जी असेल तर नाकातला स्प्रे डॉक्टरांना विचारून. श्वास अडत असेल तर हयगय नको. लेकरू जाड असेल तर ऑपरेशननंतरही त्रास उरू शकतो. अन् पाचव्या ते दहाव्या दिवशी खपली सुटते, तेव्हा रक्त दिसलं तर सरळ दवाखाना गाठा, ग्रुपवर फोटो टाकत बसू नका.

बर्डीवाला: बरं, श्वास अडणाऱ्यांचे काढा. झालं समाधान?

मानेवाड्याची आई: श्वास थांबायचा हेच तर लिहिलं होतं. वाचत जा.

महालकर काका: अन् कूलरच्या जाळीतलं ते लाकडी गवत तर खसपेक्षाही लवकर सडते. त्याच्यावर बोला कोणी.

बर्डीवाला: काका, कूलरला हनीकोंबची जाळी घ्या अन् झोपा.

महालकर काका: हनीकोंबमध्ये गारवा कुठं असते?