प्लॅस्टिकच्या वेष्टनातली मासिकं फीडरमधून जोडीनेच निघतात, काय करावं?

पाळी_दुसरी

आमच्याकडे मासिकं, कॅटलॉग, मोठी पाकिटं असं चपटं टपाल पत्त्यानुसार वेगळं करणारं मशीन आहे. उभ्या चळतीतून सक्शनचा पट्टा एकेक नग खेचतो (हाच फीडर), मग तो दोन पट्ट्यांच्या चिमटीतून कॅमेऱ्यासमोरून जातो आणि ६०पैकी एका कप्प्यात पडतो. ताशी १०,००० नगांचं मशीन म्हणून घेतलंय.

कागदी पाकिटं नीट जातात. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली मासिकं आली की दोन-दोन एकदम निघतात. कॅमेरा वरच्याचा पत्ता वाचतो आणि खालचं बिचारं त्याच्यासोबत भलत्याच कप्प्यात जाऊन पडतं. एसी जोरात असला की जास्त होतं, असं मला वाटतं. बाकीचे म्हणतात तुझा भ्रम आहे.

व्हॅक्यूम वाढवून पाहिला, तर उलट बिघडलंच. जाडीच्या सेन्सरची मर्यादा खाली आणली, तर जाडजूड कॅटलॉग एकटा असला तरी रिजेक्टमध्ये जायला लागला. मशीनवाले म्हणतात वेग कमी करा. वेगच कमी करायचा तर हे मशीन घेतलं कशाला?

लहानमोठे नग आम्ही एकाच चळतीत भरतो, वेगळे करायला माणसं नाहीत. शिवाय पुढच्या महिन्यापासून वाटपाच्या क्रमाने लावून द्या, असंही वरून आलंय. ६० कप्प्यांत ते कसं बसवायचं, हा दुसरा प्रश्न. आधी पहिला सोडवा कुणीतरी.

चक्रधर७

स्टॅटिक, म्हणजे घासून साचलेला विजेचा चार्ज आहे, दुसरं काही नाही. फीडरवर आयोनायझर बार (आयन सोडून चार्ज मारणारी पट्टी) लावा, विषय संपला. तुमचा भ्रम नाही, एसीने हवा कोरडी होते. आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली गेली की प्लॅस्टिकवर चार्ज साचत जातो.

ग्रीसचा_डबा

चक्रधर, अर्धं बरोबर. बार लावला आणि पैसे पाण्यात गेले, अशी फीडरं मी पाहिली आहेत. बारमधून निघणारे आयन उघड्या पृष्ठभागावरचा चार्ज मारतात. इथे चिकटलेत ते पृष्ठभाग एकमेकांत मिटलेले आहेत, तिथे आयन शिरणार कुठून? आधी चळतीची पुढची कड हवेने थोडी फुलवायची आणि त्या फटीत आयनवाली हवा सोडायची, तेव्हा उपयोग होतो. म्हणजे नुसता बार नको, फुंकणारा बार हवा.

आता ताई, तुमचं. मी निवृत्त झालो, पण नोकरी सगळी याच जातीच्या मशीनांवर गेली, म्हणून जरा लांबवतो.

पाहुणे आले की कप्पे दाखवतात, कॅमेरा दाखवतात, स्क्रीनवर पळणारे पत्ते दाखवतात. मशीनचं खरं कसब पहिल्या वीतभर अंतरात आहे. चळतीतून एक आणि एकच नग सुटा झाला की पुढचं काम हिशेबाचं उरतं. १९३१ साली रॉटरडॅमला ट्रान्सॉर्मा नावाचं पत्रं वेगळी करणारं मशीन बसलं, त्यात माणूस पत्ता वाचून कळा दाबायचा आणि मशीन पत्र नेऊन टाकायचं. वाचायचं काम पुढे कॅमेऱ्याने उचललं. सुटं करायचं काम मात्र अजून रबर, हवा आणि नशीब यांच्यावरच चालतं. त्यात पत्रं सगळी साधारण सारखी असतात, चपट्या टपालाचं तसं नाही. अमेरिकी टपालखात्याच्या मापांत हा वर्ग सुमारे ३८१ मिमी लांब, ३०५ मिमी उंच आणि १९ मिमी जाड इथपर्यंत जातो. एवढ्या फरकाचा माल एकाच पट्ट्याने उचलायचा. म्हणून तर तिथल्या नियमात नग लवचिक हवा आणि जाडी सगळीकडे साधारण एकसारखी हवी, असंही घातलेलं आहे.

फीडरमध्ये घर्षणाच्या तीन जागा असतात. पट्टा आणि पहिला नग, पहिला आणि दुसरा नग, दुसरा नग आणि त्याला अडवणारं पॅड. पट्ट्याची पकड सगळ्यात जास्त हवी, पॅडची त्याहून कमी आणि दोन नगांमधली सगळ्यात कमी. हा क्रम मोडला की जोडी निघणारच. नव्या कोऱ्या नोटा मोजताना अंगठा कोरडा असला की दोन जातात ना, तसंच. प्लॅस्टिकमध्ये हा क्रम मोडतो, कारण दोन गुळगुळीत पृष्ठभागांमधली हवा निघून जाते आणि चार्ज त्यांना वर आणखी ओढून धरतो.

व्हॅक्यूम वाढवल्यावर बिघडलं, याचं कारण तुम्हीच लिहिलंय: लहानमोठे एकाच चळतीत. पुढे छोटं पाकीट आणि मागे उंच मासिक असलं, तर पाकिटाने न झाकलेली पट्ट्याची भोकं थेट मागच्याला ओढतात. जेवढं सक्शन जास्त, तेवढी ही ओढ जास्त. पातळ, सच्छिद्र कागदातून तर सक्शन आरपार जाऊन मागच्याला धरतं. आणि वेष्टन ढिलं असेल तर पट्टा नुसतं प्लॅस्टिक धरतो, आतलं मासिक मागेच रेंगाळतं. सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीत पुढच्या मालाची कड अडकते.

आता काय करायचं ते ऐका, आणि याच क्रमाने करा.

सगळ्यात आधी चळतीमागच्या ढकलपट्टीचा दाब बघा. माझ्या मते निम्मी दुखणी इथेच असतात. नग चुकायला लागला की ऑपरेटर दाब वाढवतो आणि नंतर कमी करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. मशीन बंद करून, व्हॅक्यूम सोडून, पहिला नग हाताने हळूच आडवा सरकवा. दुसरा सोबत निघाला तर दाब जास्त आहे. पुढचा नग पट्ट्याला जेमतेम टेकेल एवढाच दाब ठेवा.

मग पॅड. त्यावर शाई आणि कागदाची धूळ बसून ते काचेसारखं चकचकीत होतं. पट्टा बनवणाऱ्याने सांगितलेल्याच द्रवाने पुसा. वर्कशॉपमध्ये सापडेल ते सॉल्व्हंट रबराला लावू नका, ते फुगतं. पॅड झिजून एका बाजूने उतरलं असेल तर पुसण्यात वेळ घालवू नका, बदला.

व्हॅक्यूम पंपाच्या गेजवर वाचू नका, उचलणाऱ्या तोंडापाशी मोजा. मधला फिल्टर धुळीने भरलेला असतो आणि पंप मात्र छान आकडा दाखवत असतो.

भरताना गठ्ठा हातात घेऊन एकदा वाकवून सोडा, मधे हवा शिरू दे. मासिकाची बांधणीची कड पुढे ठेवा. सुटी कड पुढे गेली की पानं उघडतात आणि पहिल्याच वळणावर, रोलरभोवती, आतली पानं बाहेरच्यापेक्षा पुढे सरकतात. वेष्टनाचा जोड पट्ट्याकडे येऊ देऊ नका.

जाडीच्या सेन्सरला दोष देऊ नका. तो जाडी सांगतो, नगांची संख्या नाही. दोन नग मागेपुढे सरकलेले असले तर जाडीत पायरी दिसते आणि लांबीही जास्त भरते, ते पकडता येतं. कडा तंतोतंत जुळलेली जोडी त्याला एका जाड नगासारखीच दिसते. तिला पकडायचं तर दोन्ही बाजूंनी सक्शन देऊन एक बाजू किंचित मागे ओढावी लागते. एकच नग असेल तर सरकत नाही, दोन असतील तर फाकतात. तुमच्या मशीनला ती सोय जोडता येते का, विचारा.

आणि वेगाबद्दल मशीनवाले अगदीच चुकीचं बोलत नाहीत, फक्त चुकीच्या जागी बोलतात. ताशी १०,००० म्हणजे सेकंदाला २.७८ नग. पट्टा सेकंदाला २ मीटर धावत असेल तर एका नगाच्या तोंडापासून पुढच्याच्या तोंडापर्यंत ७२ सेंमी मिळतात. नग ३८ सेंमीचा असेल तर मधली फट ३४ सेंमी, म्हणजे ०.१७ सेकंद. नग कप्प्यात वळवणारी फाळ तेवढ्यात हलायला हवी. ती हलते, कारण पुढचं मशीन त्या हिशेबानेच बांधलेलं असतं. अख्खं मशीन हळू करू नका, उचलण्याच्या क्षणाचा झटका तेवढा कमी करता येतो का ते बघा. नग पट्ट्याला लागून वेग घेतो तो क्षण थोडा लांबवला की मागच्याला सुटायला वेळ मिळतो. बऱ्याच फीडरमध्ये ते पॅनेलवरूनच बदलता येतं.

पाळी_दुसरी

काका, दाबच होता! ढकलपट्टीची स्प्रिंग कुणीतरी शेवटच्या भोकात अडकवून ठेवली होती. हाताने सरकवून पाहिलं तर दुसराच काय, तिसराही आला. सैल केली, पॅड पुसलं, कालच्या पाळीत जोड्या खूपच कमी झाल्या. पूर्ण थांबल्या नाहीत. आता अधूनमधून नग उचललाच जात नाही, आणि चळत मागे कलते. फुंकणाऱ्या बारचं मागणीपत्र दिलंय, बघू वर काय म्हणतात.

आता क्रमाचं सांगा. वाटणाऱ्याच्या रस्त्यावर सुमारे ३,००० पत्ते आहेत आणि कप्पे ६०.

शून्य_पूर्णांक

हा माझा प्रांत. दोन फेऱ्यांत होतं. ६० गुणिले ६० म्हणजे ३,६०० पत्ते बसतात.

प्रत्येक पत्त्याला वाटपाच्या रस्त्यावरचा क्रमांक द्या, ० पासून. त्याला ६० ने भागा. पहिल्या फेरीत बाकीप्रमाणे कप्पा, दुसऱ्या फेरीत भागाकाराप्रमाणे. क्रमांक १२५ घ्या: भागाकार २, बाकी ५. पहिल्या फेरीत तो कप्पा ५ मध्ये जातो, दुसऱ्या फेरीत कप्पा २ मध्ये. पहिल्या फेरीनंतर कप्पा ० चा माल आधी, मग १ चा, मग २ चा, असा ओळीने पुन्हा फीडरवर लावायचा. दुसरी फेरी संपली की प्रत्येक कप्प्यात ६० सलग पत्ते ओळीने लागलेले मिळतात.

बहुतेकांना धास्ती असते की पहिल्या फेरीत कप्प्यातला गठ्ठा उलटा झाला तर क्रम गेला. नाही जात. त्या कप्प्यातल्या सगळ्यांची बाकी सारखीच आहे, आतला क्रम काहीही असू दे. कप्प्यांचा आपसातला क्रम मात्र चुकता कामा नये, म्हणून ट्रेवर मोठा आकडा लिहा. दुसऱ्या फेरीत गठ्ठा उलटा लागत असेल तर दुसऱ्या टोकाकडून वाचा, एवढंच. तीन फेऱ्या करायची वेळ आली तर ही सूट राहत नाही, मधल्या फेरीत दिशा सांभाळावी लागते.

जागेचा हिशेब आधी करा. पहिल्या फेरीत ३,००० नग ६० कप्प्यांत म्हणजे कप्प्याला सरासरी ५०. मासिक ६ मिमी जाड धरलं तर ३० सेंमीचा थर. कप्पा तेवढा खोल आहे का? पहिल्या फेरीत माल साधारण सारखा विभागला जातो. दुसऱ्या फेरीत एखाद्या मोठ्या इमारतीला शंभर कॅटलॉग असले तर तोच कप्पा ओसंडतो. अशा इमारतीचा माल आधीच बाजूला काढा.

ग्रीसचा_डबा

हिशेब पटला, पण मशीनपाशी उभं राहणाऱ्यासाठी एक जोडतो. रिजेक्ट झालेला नग पहिल्या फेरीत सापडला तर बाकी काढून हाताने त्याच्या कप्प्याच्या ट्रेमध्ये टाका, कुठेही चालतो. दुसऱ्या फेरीत तसं नाही. तो बरोबर दोन पत्त्यांच्या मधे खुपसावा लागतो. जोडीने गेलेला तर रिजेक्टमध्येही दिसत नाही, तो भलत्या पत्त्याच्या मागे दडून वाटणाऱ्याच्या पिशवीत जातो. जॅम परवडला, तो निदान ओरडतो. म्हणून दुसऱ्या फेरीत जोडी पकडणाऱ्या जाडीच्या सेन्सरची मर्यादा कडक ठेवा. चार एकटे नग उगाच रिजेक्ट झाले तरी चालतील, ते हाताने लावता येतात.

चळत मागे कलते त्याला दाब पुन्हा वाढवू नका. चळतीखालचा पट्टा आणि मागची ढकलपट्टी एकाच वेगाने पुढे सरकतात का ते बघा. खालचा पट्टा पुढे पळाला की नगांची खालची कड पुढे जाते आणि डोकं मागे पडतं. मग तोंडापाशी फक्त खालचा भाग पट्ट्याला लागतो, वरची भोकं मोकळी राहतात आणि नग उचलला जात नाही. खालच्या पट्ट्याचा सेन्सर साधारण तोंडाजवळ, तळाशी असतो. त्यावर कागदाचा कपटा बसलाय का, तेही बघून घ्या.