जांभ्याच्या घरात वायफाय: सहा अँटेनांचा राउटर घ्यावा का?

ओटीवरचा: नमस्कार मंडळी. गुहागरजवळ जुनं घर आहे, भिंती जांभ्याच्या, चांगल्या दीड फूट जाड. फायबरचा १०० एमबीपीएसचा प्लॅन. कंपनीचा डबा ओटीवर, कारण तार तिथूनच आत आली. ओटीवर ९० मिळतात, माजघरात तीस-चाळीस आणि मागच्या पडवीत, जिथे सूनबाई ऑफिसचं काम करते, तिथे सिग्नलची जेमतेम एक कांडी. मिटिंगमध्ये समोरच्याचं तोंड उघडं राहतं नि आवाज मागाहून येतो. दुकानदार सहा अँटेनांचा राउटर दाखवतोय, "काका, अख्खी वाडी कव्हर होईल" म्हणतो. चार हजारांच्या आत बसवायचंय.

फ्लॅटधारक: रिपीटर लावा, म्हणजे आलेला सिग्नल पकडून पुढे देणारा डबा; स्वस्तात काम होतं. आमच्या टू बीएचकेत झकास चालतो.

तारजोड्या: काका, थांबा. मी चिपळूण पट्ट्यात नेटची जोडणीच करतो, असली घरं रोजची आहेत.

शिंगं, म्हणजे अँटेना, मोजून राउटर घेऊ नका. सिग्नलची ताकद किती असावी याला सरकारी मर्यादा आहे, शिंगं वाढवून ती ओलांडता येत नाही. आणि समजा राउटर ओरडला जोरात, तरी सूनबाईंच्या लॅपटॉपचं उत्तर त्याच भिंतींतून परत यायला नको? त्याची अँटेना एवढीशी. शिवाय जांभा पावसात पाणी पितो, आणि ओली भिंत सिग्नल गिळते. वायफायचे दोन बँड असतात: ५ गिगाहर्ट्झ पहिल्याच भिंतीत दमतो. २.४ पुढे जातो, पण वेग घालवून.

रिपीटर फ्लॅटात ठीक. तुमच्या पडवीत लावलात तर ती एक कांडीच पुढे वाटेल. स्वस्तातले बरेच रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतात नि बोलतात, म्हणजे वेग आणखी निम्मा.

ओटीवरचा डबा आहे तिथेच राहू दे. तिथून माळ्यावरून पडवीपर्यंत कॅट-६, म्हणजे नेटची तांब्याची केबल ओढा (१०० मीटरपर्यंत चिंता नाही) आणि पडवीत साधा ड्युअल-बँड राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर लावा, म्हणजे तो केबलमधून आलेलं नेट फक्त वायफायने वाटेल. खोक्यावर "गिगाबिट पोर्ट" (म्हणजे केबलची खाच १००० एमबीपीएसची) लिहिलंय ना, तेवढं नक्की बघा. कित्येक स्वस्त राउटरवर वायफायच्या वेगाचा १२०० चा आकडा ठळक असतो आणि मागचं पोर्ट १०० चंच. आज चालेल, प्लॅन वाढवलात की अडेल. नाव-पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा; २.४ ला एकाला चॅनल १, दुसऱ्याला ११. चार हजारांत राउटर आणि केबल दोन्ही बसतं.

गॅजेटवेडा: एवढी खोदाखोद कशाला? मेश घ्या, म्हणजे एकमेकांना जोडलेले वायफायचे डबे; तीन ठेवा, विषय संपला.

तारजोड्या: मेशचे डबेसुद्धा एकमेकांशी हवेतूनच बोलतात, त्याच भिंतींतून. केबलने जोडलेत तर उत्तम चालतात, पण मग केबल आलीच की! आणि चार हजारांत तीन डबे कुठले?

ओटीवरचा: पटलं. पण माळ्यावर उंदीर आहेत. आणि लाइट गेली की?

तारजोड्या: उंदरांसाठी पीव्हीसी पाइप, टोकं बंद करा. लाइटसाठी १२ व्होल्टचा छोटा राउटर-यूपीएस मिळतो, पण दोन्हीकडे लागेल. अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर बघूनच घ्या. ही केबल बाहेरून गोठ्याकडे मात्र नेऊ नका. फायबर काचेचं असतं, त्यातून आभाळातली वीज आत येत नाही, तांब्यातून येते. गडगडायला लागलं की अ‍ॅडॅप्टर काढून ठेवायचे.

ओटीवरचा: दुकानदाराकडे दोन प्रकारची कॅट-६ आहे, एक निम्म्या भावात.

तारजोड्या: निम्म्या भावातली बहुधा सीसीए, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. आतली एक तार ब्लेडने खरवडून बघा, पांढरी दिसली की परत द्या.