स्कायरिममधली मारामारी कंटाळवाणी झालीये, काय करू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

स्कायरिम तिसऱ्यांदा खेळतोय. लॅपटॉप साधाच आहे (१६५० कार्ड, ४ जीबी), आणि मुलगी झोपली की रोज तासभर मिळतो. बर्फाचे डोंगर, रात्री आकाशात लहरणारे हिरवे पट्टे, सगळं अजूनही तितकंच भारी वाटतं. २०११ चा गेम आहे हे विसरायला होतं. पण तलवार उपसली की जांभया सुरू.

परवाचंच सांगतो. पात्र ३४ लेव्हलला, एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल. थडग्यातून ड्रॉगर डेथलॉर्ड (जिवंत झालेला बलाढ्य मुडदा) उठला आणि त्याने एका आरोळीत माझी तलवार उडवली. ती कुठेतरी अंधारात घरंगळत गेली. खरं तर इथे घाम फुटायला हवा होता. मी काय केलं? मेन्यू उघडला. जग थांबलं. दुसरी तलवार घेतली, सहा औषधं घटाघटा प्यायलो, वर वाटीभर भाजीचं सूप ओरपलं आणि मेन्यू बंद केला. मग मी त्याला ठोकतोय, तो मला ठोकतोय. कोणाची जिवाची पट्टी आधी संपते तेवढं बघत बसायचं.

वाटलं, गेम सोपा पडत असेल. म्हणून अ‍ॅडेप्टवरून थेट लेजंडरीवर, म्हणजे सगळ्यात अवघड पातळीवर गेलो. आता एकेका फाटक्या दरोडेखोराला पाडेपर्यंत शेजारचा चहा गार होतो.

मॉड (चाहत्यांनी बनवलेले गेममधले बदल) टाकायचे तर कोणते? चालू सेव्हवर (साठवलेल्या खेळावर) चालतील का? की मीच चुकीचं खेळतोय? ‘एल्डन रिंग खेळ’ असं कृपया सांगू नका. तो गेमही खेळलोय, आवडलाय, पण मला इथेच मजा यायला हवी आहे.

प्रतिसाद १

आधी लेजंडरीवरून खाली उतरा. तिथे तुमचा घाव पाव होतो आणि शत्रूचा तिप्पट. त्याखालच्या मास्टरवर अर्धा आणि दुप्पट. शत्रूला अक्कल मात्र तेवढीच राहते. जो १० घावांत पडायचा तो आता ४० घावांत पडतो. मारामारी तीच, फक्त चौपट लांब.

खरी गोची वेगळीच आहे. या गेममध्ये साधा वार फुकट आहे. स्टॅमिना (दम) लागतो तो पॉवर अटॅकला (जोर लावून मारलेल्या वाराला) आणि ढालीच्या धक्क्याला, आणि तोही चिमूटभर शिल्लक असला तरी काम भागतं. म्हणून तर तुमचं ते सूप एवढं घातक! कोबी, बटाटा, टोमॅटो आणि लीक. प्यायलात की ७२० सेकंद दर सेकंदाला स्टॅमिनाचा एक पॉइंट भरत राहतो. म्हणजे १२ मिनिटं पॉवर अटॅक मारत सुटा, दमायचा प्रश्नच नाही. (आमच्याकडच्या पोरांना भाज्या खायला लावायला ही युक्ती बरी आहे, पण लढाईचा पार चोथा होतो.)

एल्डन रिंगचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून सांगतो. तिथे बाटली तोंडाला लावली की तेवढा वेळ तुम्ही उघडे पडता आणि समोरचा नेमका तेव्हाच हाणतो. इथे तुमचं सूप पिऊन होईपर्यंत डेथलॉर्ड बिचारा कुऱ्हाड उगारून ताटकळत उभा असतो.

तेव्हा मॉडच्या आधी फुकटचा उपाय करून बघा. अ‍ॅडेप्ट किंवा एक्सपर्ट ठेवा. लढाई चालू असताना मेन्यू उघडायचा नाही, म्हणजे नाहीच. औषधं फेव्हरिट करून १ ते ८ मधल्या एखाद्या आकड्यावर लावा आणि अंगावर तीनच बाटल्या ठेवा. सूप बंद. आणि ढाल नुसती शोभेला धरू नका. समोरच्याने पॉवर अटॅकसाठी हात मागे नेला की त्याच क्षणी धक्का द्या, वार मोडतो. ब्लॉक (अडवण्याचं कौशल्य) ३० झालं असेल तर क्विक रिफ्लेक्सेस हा पर्क (कौशल्यातली जास्तीची खुबी) घ्याच. ढाल पुढे असताना समोरून पॉवर अटॅक आला की वेळ मंदावतो, नेम साधायला सवड मिळते.

एक विचारायचं राहिलं, चिलखताचा आकडा किती आहे? ५६७ ला ८० टक्के मार गिळला जातो, ती कमाल मर्यादा. शेकड्याने लोखंडी सुऱ्या ठोकून स्मिथिंग (लोहारकाम) १०० ला नेलं असेल तर अ‍ॅडेप्टवर तुम्हाला कोणीच हात लावू शकणार नाही.

प्रतिसाद २

काही करा, महिन्याभरात तुम्ही अंधारात वाकून धनुष्य ओढत बसलेले असणार. सगळ्यांचा शेवट तोच होतो.

प्रतिसाद ३

वरचं पटलं, पण मेन्यूवर स्वतःच पहारा ठेवायचा माझ्याच्याने होत नाही, म्हणून मी मॉडवाला. चारच सांगतो. ट्रू डायरेक्शनल मूव्हमेंट (शत्रूवर नजर लॉक करता येते), प्रिसिजन (तलवारीचं पातं खरंच जिथून फिरतं तिथेच लागतं), व्हॅल्हाला कॉम्बॅट (साध्या वारालाही स्टॅमिना लागतो, वेळेवर अडवलं तर फायदा) आणि मॉर्टल एनिमीज. शेवटचा सगळ्यात हलका आणि माझा लाडका. मुळात शत्रू वार करता करता गिरकी घेऊन तुमच्याकडे वळतो, म्हणून बाजूला सरकून काही उपयोग होत नाही. हा टाकला की त्याचं ते वळणं आवरतं आणि तुमच्या पायांना अर्थ येतो.

एमसीओसारखे अ‍ॅनिमेशन बदलणारे मॉड आत्ता नको. त्यासाठी नेमेसिस किंवा पँडोरा हे वेगळं साधन चालवावं लागतं, आणि विसरलात की पात्र दोन्ही हात पसरून बुजगावण्यासारखं उभं राहतं. एसकेएसई (बरेच मॉड ज्याच्या आधाराने चालतात ते साधन) मात्र गेमच्या आवृत्तीशी जुळणारंच घ्या (माझी १.६.११७० आहे) आणि गेम त्याच्याच लोडरमधून सुरू करा. चालू सेव्हवर हे चार टाकायला हरकत नाही, पण आधी सेव्हची प्रत काढून ठेवा. मधेच मॉड काढण्याची खोड मात्र नको, स्क्रिप्टचे अवशेष सेव्हला चिकटून राहतात.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. आकडा पाहिला, ५८० निघाला. सुऱ्यांबद्दल न विचारलेलं बरं.

ते चिलखत पेटीत टाकलं, जुनं चढवलं, एक्सपर्टवर आलो. मॉडपैकी सध्या फक्त मॉर्टल एनिमीज. जुना सेव्ह काढून त्याच डेथलॉर्डकडे गेलो. पहिल्या दोन वेळा मेलो. तिसऱ्यांदा त्याने कुऱ्हाड मागे नेली, मी धक्का दिला, तो झोकांडला, तेवढ्यात दोन वार बसले. मग त्याने आरोळी ठोकली आणि तलवार पुन्हा उडाली. या वेळी मेन्यू नाही. ढाल पुढे धरून उलट्या पावलांनी मागे सरकत पायाखाली तलवार शोधत होतो. छातीत धडधड, खरंच. उजेडात पातं दिसलं, उचललं, पडला एकदाचा. एक बाटली शिल्लक होती.

आता एकच अडचण उरलीये. मागे सरकायला जागा लागते आणि लिडिया (गेममधली माझी सोबतीण) नेमकी दारात आडवी उभी असते. हिला बाजूला करायचा काही मॉड आहे का?