दोन्ही माद्या म्हणून घेतलेल्या ॲक्सोलॉटलनी अंडी घातली, आता काय करू? (नाशिक)

इंदिरानगरकर_ताई
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, समजून घ्या. आमच्याकडे दोन ॲक्सोलॉटल (आयुष्यभर पाण्यातच राहणारा, सरड्यासारखा दिसणारा उभयचर) आहेत, एक पांढरा गुलाबी गिल्सवाला (डोक्यामागचे पिसांसारखे कल्ले) आणि एक काळपट, दोघं एकाच दुकानातून एकाच वेळी आणलेले. दुकानदार म्हणाला होता की दोन्ही माद्याच आहेत, गिल्स मोठे म्हणजे मादी, बिनधास्त एकत्र ठेवा. आज सकाळी लाईट लावला तर जावा फर्नच्या पानांवर, स्पंज फिल्टरच्या नळीवर, थर्मामीटरवर सगळीकडे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे आणि प्रत्येकात एक काळा ठिपका. खाली टाईलवर पांढऱ्या टोकाचे जेलीचे बारके सुळके पण चिकटलेत, ते काय आहे कळत नाहीये. नर कोणता ते कसं ओळखू आणि एवढ्या अंड्यांचं काय करू ते प्लीज सांगा. मुलगी आठवीत आहे, तिला सगळी वाढवायचीत. आमचा टू बीएचके आहे.

गंगापूररोडकर
ताई, ते सुळके म्हणजेच नराचा पुरावा. नर शुक्राणूंची पुडी जेलीच्या सुळक्यावर तळाला चिकटवतो, मादी त्यावरून जाते आणि ती टोकाची पांढरी पुडी शरीरात उचलून घेते, फलन आत होतं. म्हणजे तुमच्याकडे एक नर नक्की आहे आणि अंडी बहुतेक फलित आहेत.

आता ओळखायचं कसं. गिल्सवरून, रंगावरून, डोक्याच्या आकारावरून काहीही कळत नाही, दुकानात हे सर्रास सांगतात आणि ते साफ चुकीचं आहे. मागच्या पायांच्या लगेच मागे, शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूला बघायचं, तिथे क्लोअका म्हणजे विष्ठा, अंडी वगैरे सगळं बाहेर पडायची एकच जागा असते. नराचं दोन्ही बाजूंनी ठळक फुगलेलं असतं, वरून बघितलं तरी शेपटीच्या दोन्ही कडांना उंचवटा दिसतो. मादीचं जवळजवळ सपाट, फार तर थोडा उठाव, आणि पोट रुंद गोल. जाळीने उचलू नका, बोटं आणि गिल्स अडकतात, हाताने तर नकोच. टाकीचंच पाणी भरलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यात हळूच शिरू द्या, डबा वर धरून खालून मोबाईलने फोटो काढा. अंडी घालून झालेली मादी बारीक दिसते त्यामुळे आज पोटावरून ठरवू नका, फुगवट्यावरूनच ठरवा.

आणि दुकानदाराला लहानपणी ते कळणं शक्यच नव्हतं. साधारण वर्षाच्या आसपास, कधी दीड वर्षाला फुगवटा येतो. तोवर कुणी छातीठोकपणे नर मादी सांगत असेल तर तो अंदाज आहे. पांढऱ्यांमध्ये वयात आल्यावर बोटांची टोकं काळपट होतात, पण ती नर मादी दोघांची होतात, म्हणजे त्यावरून फक्त वय कळतं.

पहिलं काम आजच करा, दोघांना वेगळं करा. दुसरी टाकी नसेल तर मोठा प्लॅस्टिकचा टब चालेल, पण पाण्याला अँटी-क्लोरीन घालून आणि तापमान सारखं करून. नर पुन्हा मागे लागतो आणि मादीचं शरीर अंड्यांमध्ये पार खर्ची पडतं, निदान सहा महिने तरी तिला आराम हवा. वेगळं केल्यावरही ती आणखी थोडी अंडी घालू शकते, घाबरू नका. आता तिला चांगलं खायला घाला, गांडूळ सगळ्यात उत्तम.

नाशिकरोड_टँक
वरच्या सगळ्याशी सहमत. फक्त एक गोष्ट मनापासून सांगतो ताई, ही अंडी वाढवू नका. एकाच दुकानातून एकाच वेळी आणलेले म्हणजे बहुतेक सख्खी भावंडं. त्यांची पिल्लं कमजोर निघायची शक्यता जास्त. आणि वंशावळ माहीत नसलेली पिल्लं लोकांना देत राहिलो तर आपल्याकडचा सगळा साठाच बिघडत जाणार. एका वेळी १०० पासून १००० पर्यंत अंडी येऊ शकतात, एवढ्या जनावरांना थंड पाणी कोण देणार.

दुसरं म्हणजे वेळ बघा. आपल्याकडे थंडी पडली, पारा दहाच्या खाली गेला, टाकीचं पाणी आपोआप गार झालं, दिवस लहान झाला, म्हणून जोडी लागली. हीच थंडी त्यांना ऋतूची खूण वाटते. आत्ताची अंडी साधारण दोन तीन आठवड्यांत फुटतील, पाणी गार असेल तर अजून उशिरा. मग ती पिल्लं ऐन नाजूक वयात असताना होळी येणार आणि नाशिकचं ऊन चढणार. ह्यांना १६ ते १८ अंश मानवतं, २४ च्या वर गेलं की खाणं सोडतात, बुरशी लागते. मोठ्या दोघांना चिलर (पाणी गार करायचं यंत्र) असेल कदाचित, पण पन्नास डब्यांना कुठून लावणार?

इंदिरानगरकर_ताई
खूप आभार. डब्यातून फोटो काढले, काळपट जो आहे त्याचा फुगवटा अगदी स्पष्ट आहे, पांढरी मादी. नर आता टबात आहे. पण एवढी अंडी टाकून द्यायची म्हणजे... मुलगी रडतेय. टाकून द्यायची असली तरी कशी, टॉयलेटमध्ये सोडून देऊ का? की गोदावरीत, निदान जगतील तरी असं आमचे हे म्हणतायत.

गंगापूररोडकर
नदीत अजिबात नको, नाल्यातही नको, टॉयलेटमध्येही नको. हा प्राणी मेक्सिको सिटीतल्या शोचिमिल्कोच्या तलावातला, जगात दुसरीकडे कुठेच निसर्गात नाही. तिथेच त्याची अशी अवस्था झालीय की बाहेरून आणून सोडलेले तिलापिया आणि कार्प त्याची अंडी पिल्लं खातात. दुसऱ्याच्या पाण्यात परका जीव सोडल्याने काय होतं ते ह्याच्याकडूनच शिकावं. गोदेत तो बहुतेक उन्हाने मरेल, आणि नाही मेला तर आपल्या माशांच्या मुळावर उठेल.

अंडी नको असतील तर फ्रीझर. पाण्यासकट डब्यात घालून किमान दोन दिवस पूर्ण गोठू द्यायचं, मग कुंडीत पुरायचं. पण लगेच, म्हणजे आज उद्या. आत्ता आत फक्त गोल पेशींचा गोळा आहे, त्याला वेदना कळायची काही यंत्रणाच नाही. काही दिवसांत तो लांबट होतो, मग डोकं शेपूट दिसायला लागतं, त्यानंतर फ्रीझर ही क्रूरता आहे. फुटलेल्या पिल्लांना तर कधीच नाही, तिथे डॉक्टरच पाहिजे. मुलीला हे असंच सांगा, आठवीतल्या मुलीला समजतं.

मी टँकदादांइतका कडक नाही. दहा पंधरा अंडी ठेवायला हरकत नाही, पण कुणाला द्यायची म्हणून ठेवू नका, जेवढी स्वतःकडे आयुष्यभर ठेवता येतील तेवढीच. नीट ठेवलं तर दहा वर्षांच्या पुढे जगतात.

सिडको_गांडूळवाला
ठेवणार असाल तर खाण्याची तयारी आधी करा, कारण फुटल्यावर दोन तीन दिवस पोटातल्या बलकावर जगतात आणि मग एकदम जिवंत हलणारं खाणंच लागतं, न हलणाऱ्याकडे बघत पण नाहीत. आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला बारीक कोळंबीसारखा जीव) अंड्यांपासून घरीच फोडायचा, मिठाच्या पाण्यात, एअर पंपचे बुडबुडे चालू, साधारण एक दीड दिवसात निघतो, गाळून साध्या पाण्याने धुवून मगच द्यायचा. रोज द्यायचा आणि रोज पाणी बदलायचं, ह्यात सुट्टी नाही. पुढचे पाय आले की एकमेकांचे पाय तोडायला लागतात, पाय परत उगवतात ते खरं पण म्हणून चालवून घेऊ नका, वेगवेगळ्या डब्यात करा. म्हणूनच दहाच्या वर नको म्हणतात सगळे.

अंडी असलेलं पानच कापून वेगळ्या टबात ठेवा, मोठे अंडी खातात. पांढरी पडून बुरशी आली ती रोज वेगळी काढायची नाहीतर शेजारच्यांना लागते.

गांडुळांचं एक सांगतो, गांडूळखताच्या बेडमधले लाल गांडूळ देऊ नका, ते कडू स्राव सोडतात, बरेच ॲक्सोलॉटल थुंकून टाकतात. आणि पिंपळगाव ओझर बाजूला कुणाची द्राक्षबाग असेल तर तिथली माती खणून तर मुळीच आणू नका, बागेत किती फवारणी होते सगळ्यांना माहितीये. जिथे औषध पडत नाही अशा जागेचेच घ्या.

पंचवटी_जलचर
कागदपत्रांचं कुणी बोललंच नाही म्हणून लिहितेय. ॲक्सोलॉटल सायटीसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले, त्यामुळे असे विदेशी प्राणी घरात असतील तर केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. पिल्लं झाली, कुणाला दिली, मेली, हे सगळं त्यात कळवायचं असतं. म्हणजे पिल्लं वाढवायची ठरवलं तर तो पण व्याप आहे. तुमची जोडीची नोंद झालीये का ते आधी बघा, नसेल तर वनविभागाच्या ऑफिसात जाऊन विचारून घ्या. आणि चार लोकांनी मागितली म्हणून पिशवीत भरून वाटू नका प्लीज.

इंदिरानगरकर_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीशी बोलले. आठ अंडी ठेवणार, तिनेच पान निवडलं, बाकीची आत्ता फ्रीझरमध्ये ठेवली. नोंदणीचं सोमवारी यांना पाठवते. नर आता कायमचा वेगळाच राहणार, त्यासाठी दुसरी टाकी घ्यायचीये. दोन टाक्यांना एक चिलर पुरतो का? की उन्हाळ्यात पंखे लावून भागेल?

नाशिकरोड_टँक
आठ म्हणजे शहाणपणाचा आकडा, माझी काही तक्रार नाही. पंख्याने दोन तीन अंश उतरतं, मार्चपर्यंत चालेल, एप्रिल मेला नाही पुरणार. दोन टाक्या एका चिलरवर ठेवण्यापेक्षा एकच लांब टाकी घ्या आणि मध्ये भोकं असलेलं ॲक्रिलिकचं पक्कं पार्टिशन टाका, तळापासून पाण्याच्या वरपर्यंत, खाली फट ठेवू नका. चिलर एकच लागतो, पाणी फिरतं आणि नर इकडे राहतो. फक्त वाहत्या पाण्याचा झोत कमी ठेवा, त्यांना प्रवाह सोसत नाही. आणि चिलर एप्रिलमध्ये घ्यायला जाऊ नका, तेव्हा सगळेच धावतात, आत्ताच बघून ठेवा.