उत्तर: अमेरिकेत सहज नोटरी होता येतं, मग आपल्याकडे दहा वर्षं कशाला?

ताई, तुमच्या भाच्याला तिकडे वकिलीची पदवी नसताना नोटरी होता आलं, कारण अमेरिकेत बहुतेक राज्यांत नोटरीचं काम मुख्यतः ओळख पटवून सही साक्षांकित करण्याचं असतं. फ्रान्स-जर्मनीत उलट: तिथला नोटरी कायद्याचा मोठा जाणकार, घर-जमिनीचा व्यवहार त्याच्याशिवाय होतच नाही.

आपल्याकडे १९५२चा नोटरी कायदा आणि १९५६चे नियम. दहा वर्षं वकिली हवी. महिला, अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गीयांना सात. तुमची मुलगी दारव्ह्याला वकिली करते म्हणता, म्हणजे तिला सातच.

पण माझा जीव तुटतो तो वेगळ्याच गोष्टीसाठी. आपल्या यवतमाळ-वाशीमकडे लोक अजूनही स्टॅम्पपेपरवर नोटरी करून वावर विकत घेतात आणि निर्धास्त होतात. १९०८च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये वा त्याहून जास्त किमतीच्या जमिनीचं खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. नुसत्या नोटरीच्या शिक्क्याने मालकी येत नाही, सातबाऱ्यावर नावही चढत नाही. मुलीने नोटरी झाल्यावर समोरच्या शेतकऱ्याला हे आधी सांगावं, शिक्का मग मारावा.