उन्हाळ्यातील छाट कलमे: ओलावा हवेत हवा की मातीत?

कुंडीवाली_जुळेसोलापूर

नमस्कार. आम्ही जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर राहतो. पूर्वेला लहानशी गॅलरी आहे आणि वर मोकळी गच्ची आहे. जास्वंद, मोगरा, गुलाब आणि क्रोटन यांच्या छाटांपासून (फांदीच्या कापलेल्या तुकड्यांपासून) घरच्या घरी रोपे करण्याचा प्रयत्न चालू आहे. माध्यम म्हणून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरते आणि ते कागदी पेल्यांत भरते. तळाशी छिद्रे पाडून विटांचे बारीक तुकडेही घालते.

मार्चपासून एकच प्रकार वारंवार दिसतो आहे. सकाळी टवटवीत असलेली छाट दुपारी एकच्या सुमारास माना टाकते. म्हणून पाणी वाढवावे, तर काही दिवसांतच तिचे खालचे टोक काळे पडते आणि साल बोटाने ओढताच निघून येते. छाट सुकते आहे म्हणावी तर ती कुजलेली निघते, आणि कुजू नये म्हणून पाणी तोडावे तर पाने वाळतात. हवेत आर्द्रता नेमकी किती असावी, माध्यम किती ओले ठेवावे आणि प्लास्टिकची पिशवी घालून छाटा गच्चीवर ठेवल्या तर चालेल का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रोपवाटिका_होटगीरोड

आपण वर्णन केलेल्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. हवेतला ओलावा आणि माध्यमातला ओलावा या दोन स्वतंत्र गोष्टी असून एकीची उणीव दुसरीने भरून निघत नाही. छाटेला मुळे नसतात. कापलेल्या टोकातून ती जेवढे पाणी ओढू शकते तेवढ्यावरच तिला भागवावे लागते, आणि माध्यमात कितीही पाणी ओतले तरी ही ओढ फारशी वाढत नाही. पानांतून मात्र पाणी उडतच राहते. त्यामुळे वरची पाने तहानलेली आणि खालचे टोक चिखलात, अशी स्थिती होते.

आपल्याकडच्या हवेची तहान किती मोठी असते, हे आकड्यांतच पाहावे. २५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावते. ४० अंशांना तेच प्रमाण ५१ ग्रॅमच्या घरात जाते. पावसाळी दिवशी २५ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर हवा आणखी सुमारे साडेचार ग्रॅम बाष्प सामावू शकते. एप्रिलच्या दुपारी ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर ती सुमारे ४१ ग्रॅम मागते, म्हणजे जवळपास नऊपट. रोपवाटिकांच्या मिस्ट चेंबरमध्ये (बारीक फवाऱ्याने दमट ठेवलेल्या बंदिस्त जागेत) आर्द्रता ८० ते ९० टक्के राखतात ती याच कारणासाठी. (यंत्रमागाच्या कारखान्यांतही कोरड्या हवेत सुती धागा तुटतो म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवतात, आपल्या गावाला हा प्रश्न नवा नाही.)

आता माध्यमाविषयी. नवी मुळे फुटताना त्या जागेला प्राणवायू लागतो. नुसते कोकोपीट पाणी इतके धरून ठेवते की त्यात हवेला पुरेशी जागा उरत नाही. म्हणून निम्मे कोकोपीट घ्यावे आणि निम्मी धुतलेली जाडसर वाळू किंवा परलाईट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) मिसळावे. मूठभर मिश्रण घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटींत ओल दिसावी, फार तर एखादा थेंब पडावा. धार लागली तर ते जास्त ओले आहे.

विटांच्या तुकड्यांविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कोणत्याही भांड्यात माध्यमाच्या अगदी खालच्या भागात पाण्याने गच्च भरलेला एक थर राहतोच, कारण बारीक कणांत धरलेले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये सहज उतरत नाही. तळाशी तुकडे घातल्याने तो थर नाहीसा होत नाही, उलट तेवढा वर सरकतो आणि नेमका छाटेच्या टोकाशी येतो. उथळ पेला असेल तर विचारायलाच नको. तुकडे काढून टाकावेत, वीतभर उंचीचे भांडे घ्यावे आणि छाटेचे टोक तळापासून तीन-चार बोटे वर राहील असे लावावे. एवढ्या एका बदलाने कुजण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होते.

सावलीतला_माळी

वरील उत्तर योग्य आहे. प्लास्टिकच्या झाकणाविषयी भर घालतो, कारण सोलापुरात सर्वाधिक छाटा तिथेच मरतात. झाकण घालून भांडे गच्चीवर मुळीच ठेवू नये. बंद पिशवीत ऊन शिरले की आतले तापमान बाहेरच्यापेक्षा झपाट्याने चढते, आणि बाहेरच जर ४१ अंश असतील तर आत पाने अक्षरशः उकडून निघतात. शिवाय पिशवीच्या आतून पाण्याचे थेंब दिसले म्हणजे छाट सुरक्षित आहे, असेही समजू नये. उन्हात पान स्वतः भोवतालच्या हवेपेक्षा अधिक तापते. तसे झाले की हवा पूर्ण दमट असूनही पानातून पाणी उडत राहते. म्हणजे आर्द्रता टिकवायची तर आधी पान थंड ठेवले पाहिजे.

याचा अर्थ अंधारी खोली निवडावी असाही नाही. प्रकाश मिळाला नाही तर पान अन्न तयार करू शकत नाही आणि मुळांना पोषण मिळत नाही. आपल्या पूर्वेच्या गॅलरीत ऊन सरकल्यानंतर जी स्वच्छ उजेडाची सावली राहते ती सर्वांत चांगली. सकाळच्या उन्हासाठी तेवढी शेडनेट बांधावी. झाकण म्हणून पाच लिटरच्या पाण्याच्या बाटलीचा तळ कापून ती छाटांवर उपडी घालावी. तिचे टोपण उघडून हवा खेळवता येते, ही सोय पिशवीत नाही. पाने बाटलीला चिकटू देऊ नयेत, कारण तिथेच बुरशी धरते.

छाटेवरची पाने किती ठेवावीत, हाही याच हिशोबाचा भाग आहे. वरची दोन-तीन पाने ठेवून जास्वंद किंवा क्रोटनसारखी मोठी पाने कात्रीने निम्मी कापावीत. सगळी पाने काढू नयेत; मुळे फुटण्यास मदत करणारे नैसर्गिक संजीवक कोंब आणि पानांतूनच खाली उतरते. कळ्या आणि फुले मात्र निर्दयपणे खुडावीत.

कुंडीवाली_जुळेसोलापूर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. तीन शंका उरल्या आहेत. झाकणाऐवजी दिवसातून अनेकदा पानांवर पाणी फवारले तर तोच उपयोग होईल का? आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे झाडांना बोअरचेच पाणी द्यावे लागते. त्याने काही बिघडते का? आणि दिवसभर कूलर चालू असलेल्या खोलीत छाटा ठेवल्या तर?

रोपवाटिका_होटगीरोड

हाताने केलेली फवारणी या हवेत काही मिनिटांतच वाळते, त्यामुळे झाकणाची जागा ती घेऊ शकत नाही. रोपवाटिकेतील मिस्टची यंत्रणा ठरावीक वेळाने काही सेकंद आपोआप फवारते, म्हणून तिथे पान सतत ओलसर आणि थंड राहते. घरी तसे करणे माणसाच्या हातून होणारे नाही.

बोअरचे पाणी बहुधा क्षारयुक्त असते. वारंवार फवारल्यास पानांवर पांढरे डाग पडतात, आणि झाकणाशिवायच्या भांड्यात पाणी उडून क्षार माध्यमात साचत जातात. कुंडीच्या काठावर येणारा पांढरा थर तोच. झाकलेल्या छाटांना पाणी इतके थोडे लागते की त्यांच्यापुरते पिण्याचे आरओचे पाणी वापरणे परवडते. मात्र आरओ यंत्रातून बाहेर फेकले जाणारे पाणी काटकसर म्हणून इथे वापरू नये, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात.

कूलरची खोली चांगली आहे, कारण तिथे तापमान उतरते आणि हवा दमटही होते. अट एवढीच की भांडे झोताच्या समोर नसावे आणि खिडकीजवळ उजेडात असावे. तरीही झाकण ठेवावेच. रात्री कूलर बंद होतो तेव्हा त्याचा आधार असतो.

सांगोल्याचा_बागाईतदार

सर्वांनी चांगले सांगितले आहे, परंतु माझे मत थोडे वेगळे आहे. एप्रिल-मे महिन्यांत पाने असलेली कोवळी छाट लावण्याचा अट्टहास कशासाठी करावा? मृगाचा पाऊस झाला की हवा स्वतःच अर्धे काम करते, आणि आपल्या जिल्ह्यात पावसाचा खरा जोर सप्टेंबरात असल्याने उत्तरा-हस्तापर्यंत हे काम निवांत करता येते. अंजीर, द्राक्ष, डाळिंब यांच्या पक्व काड्यांसाठी तर गड्ड्याच्या यात्रेच्या (जानेवारीतील सिद्धेश्वर यात्रेच्या) सुमाराचा काळ सोयीचा असतो. काडीवर पाने नसली म्हणजे पाणी उडण्याचा प्रश्नच फारसा उरत नाही.

डाळिंबाची रोपे आमच्या भागात बहुतेक गुटी कलमानेच केली जातात. त्यामागचे तत्त्व आपल्या प्रश्नाशी जवळचे आहे. फांदीची साल गोलाकार काढून तिथे ओले शेवाळ किंवा कोकोपीट बांधतात आणि वरून प्लास्टिक घट्ट गुंडाळतात. फांदी आईच्या मुळांवरच पाणी पीत राहते, त्यामुळे पाने सुकत नाहीत. ओलावा फक्त मुळे फुटण्याच्या जागी सांभाळावा लागतो. मोगरा आणि क्रोटन यांना ही पद्धत घरच्या कुंडीतही जमते. सोलापूरजवळ केगाव येथे २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे; डाळिंबाची रोपे तयार करण्याविषयी अधिक माहिती हवी असल्यास तिथे चौकशी करावी.

चाफा आणि अडेनियम यांना वरील कोणताही सल्ला लागू नाही. त्यांची छाट सावलीत काही दिवस ठेवून चीक वाळू द्यावा, मगच कोरडसर वाळूत लावावी आणि झाकण अजिबात घालू नये.

सावलीतला_माळी

बागाईतदारांचे म्हणणे गुलाबाच्या बाबतीत मलाही मान्य आहे. तो थंडीतच लावावा. जास्वंद मात्र कूलरच्या खोलीत उन्हाळ्यातही निघते.

एक सूचना राहिली. नवी पालवी दिसताच झाकण काढण्याची घाई करू नये. काडीत साठलेल्या अन्नावर डोळे फुटतात आणि मूळ एकही नसते. गुलाबात हे हमखास दिसते. छाट दोन बोटांत धरून अगदी हलके वर ओढून पाहावे. ती सहज सरकली तर झाकण तसेच राहू द्यावे. तिने आतून धरून ठेवल्यासारखे वाटले, तर आधी फक्त बाटलीचे टोपण काढावे, काही दिवसांनी रात्रीपुरती बाटली उचलावी, आणि पाने दुपारीही ताठ राहू लागली की मगच ती पूर्णपणे बाजूला करावी.